पिवळ्या लाइनवरचं नको

स्टेशन जवळ आहे हे नका सांगू हो, सगळेच तसं सांगतात — तुम्ही एवढंच सांगा, जवळ आहे ते मेट्रोच्या कुठल्या लाइनचं? निळ्या की पिवळ्या? — दोन्ही? एकाच स्टेशनात? हे कधी झालं? — नवीनच. हं. म्हणजे इथंही शिरली ती पिवळी. थांबा, जरा टेकते. ही खुर्ची गिऱ्हाइकांसाठीच आहे ना? मग गिऱ्हाईकच आहे मी, चपलेकडे असं बघू नका, सकाळी निघताना चांगली होती ती. आजचं हे कितवं हॉटेल ते विचारू नका, मलाच आठवत नाही, सगळ्यांचे काउंटर एकसारखे, सगळ्यांच्या मागे किल्ल्यांचा फळा, सगळ्यांपुढे ती प्लास्टिकची झाडं — तुमचं खरं आहे का? अरे, खरंच की! पान तुटलं हो माझ्या हातून. माफ करा. खरं असेल अशी अपेक्षाच नव्हती.

तर मला काय हवंय — दोन दिवसांसाठी एक खोली. माझ्यासाठी नाही. माझी आई येतेय उद्या सकाळी, धाकटा घेऊन येतोय तिला — धाकटा म्हणजे भाऊ माझा, डोक्यावरचे केस गेले तरी घरात धाकटाच म्हणतात. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, इथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. म्हणून लिफ्ट हवी, गुडघे गेलेत तिचे. स्टेशन जवळ हवं, म्हणजे तिला चालायला नको. आणि स्टेशन निळ्या लाइनचं हवं, कारण डोळ्यांचं हॉस्पिटल निळ्यावर, बाग निळ्यावर, मोठा बाजार निळ्यावर, दोन दिवसांत माणसाला जे जे बघावंसं वाटेल ते सगळं निळ्यावर. पिवळ्यावर काय आहे? काही नाही. मी सांगते ना, काही नाही. गोदामं आहेत. — तुम्ही राहता पिवळ्यावर? मग तुम्हाला माहीतच आहे की!

आता एक हॉटेल बघून आले, बाहेर पाटी, ‘स्टेशनपासून एक मिनिट’. असेल. पाखराला लागत असेल. माणसाला उड्डाणपूल चढून, उतरून, एका गॅरेजमधून वाट काढून, कुत्र्याची परवानगी घेऊन जावं लागतं. दुसरं होतं ते थेट स्टेशनाच्या डोक्यावर, मला वाटलं मिळालं बाई एकदाचं — खोलीत गेले, पलंगावर बसून बघितलं, तर भिंतीतून बाईचा आवाज, ‘कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा’. दर गाडीला! आणि धाकटा माझा इतका आज्ञाधारक की दोन्ही दिवस भिंतीला पाठ लावून उभाच राहिला असता. बरं, तेवढंही चाललं असतं, पण तीच बाई पुढे म्हणते, ही गाडी अमक्या ठिकाणी जाईल — आणि माझ्या वस्तीचं नाव घेते! दर गाडीला, स्वच्छ आवाजात, आईच्या उशाशी! आले उठून. तिसरीकडे लिफ्ट होती, पण म्हणे सामानापुरतीच. म्हटलं, माझी आई सामानात बसेल का? तर तो पोरगा विचार करायला लागला हो, वजन विचारलं त्यानं.

घरी का नाही नेत? हा प्रश्न आलाच. सकाळपासून सगळ्यांनी विचारला, तुम्ही जरा उशिरा विचारलात, सभ्य आहात. घरी रंगाचं काम काढलंय. भिंती ओल्या, वास, शिड्या, सगळं सामान मधोमध — मोठा फ्लॅट आहे ना, वेळ लागतो. हॉलच केवढा, मध्ये झोपाळा आहे पितळी कड्यांचा, पलीकडे बाल्कनी, बाल्कनीतून… काय म्हणता? तुमच्याकडेही गेल्या वर्षी रंग झाला? किती दिवस चालला? — बास? मग लवकर आटपलात. माझ्याकडे आई येते म्हटली की रंग सुरू होतो. त्याच्या आधी लिफ्ट बंद होती. त्याच्या आधी वाळवीवाले आले होते. आतापर्यंत सांगितलेला सगळा रंग खरंच लावला असता ना, तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटल्या असत्या.

हसलात. हसा. थकलेल्या माणसाला कुणी हसलेलं चालतं.

घाबरण्यासारखं काय आहे, सांगते. माझी वस्ती म्हणजे पिवळ्या लाइनचं शेवटचं स्टेशन. तिथं गाडी संपते, पुढे रूळच नाहीत. पण शेवटचं असल्यामुळे प्रत्येक गाडीच्या कपाळावर नाव आमचंच. आणि मी काय केलं असेल? मी आईला सांगितलं — इतकी नावाजलेली जागा आहे आमची, की गाड्यांना तिचं नाव देतात. वर हेही सांगितलं, की आमच्याकडे यायला कुणाला वाट विचारावी लागत नाही, कपाळावरचं नाव वाचायचं, चढायचं आणि शेवटपर्यंत बसून राहायचं, गाडीच दारात आणून सोडते. कुणी सांगितलं होतं बोलायला? तोंडाला नुसता ऊत आला होता. आता ही पिवळी गाडी ज्या ज्या हॉटेलाजवळून जाते, त्या त्या हॉटेलातून आई माझ्या दारात येऊन उभी राहू शकते. आणि ती लोकं लाइन वाढवतच चाललीत! अख्ख्या शहरात हॉटेल शोधणारी मी एकटीच असेन जिला वाहतुकीची सोय हवीय, पण एवढी नको.

हं, दाखवा खोली. तळमजल्यावर आहे? मग लिफ्टचीही भानगड नाही. चला. — ही होय! बरी आहे हो. खिडकी कुठं उघडते? मागच्या अंगणात. उत्तम, स्टेशन दिसत नाही. न्हाणीघरात पकडायला दांडा आहे, छान, नव्वद टक्के माणसांना ही गोष्ट सुचत नाही. पलंग — थांबा, चादर बघते. अगं बाई! ही आमच्याकडची नाही. आमच्याकडे काठ असा दुमडत नाहीत, आमच्याकडे रोलरमधून निघाली की दोघींनी टोकं धरायची, एक झटका, काठावर काठ. ही कुणी एकटीनं घडी केलीय, मधे बघा कसं पोट आलंय. कोण धुतं तुमच्या चादरी? — अच्छा, ते. स्वस्त लावतात ते, पण क्लोरीन फार मारतात, वर्षात सूत विरतं. तुम्ही आमच्याकडे —

काही नाही. कपड्यांच्या व्यवसायात आहे मी. म्हणजे… मोठ्या प्रमाणावर. शहरातल्या निम्म्या हॉटेलांशी संबंध येतो.

बरं, चला बाहेरच बसू. पाणी आहे का थोडं? — देवासारखे आलात. असं बघू नका, कळलंय तुम्हाला, चेहऱ्यावर दिसतंय. लॉन्ड्री आहे ती, पिवळ्याच्या शेवटाला, तिथं मी घड्यांच्या टेबलावर आहे, आणि वरच्या मजल्यावर मालकांनी खोली दिलीय राहायला. जिना लोखंडी, बाहेरून. बास. यात लाजण्यासारखं काय आहे? काही नाही. चांगली खोली आहे, कोरडी आहे, थंडीत तर स्वर्ग, खाली बॉयलर ना. मला काही वाटत नाही त्या खोलीचं. त्या दुसऱ्या फ्लॅटचंच ओझं झालंय. असलेल्या घराला एकदा पडदे लावले की माणूस मोकळा होतो. नसलेल्या घराचे पडदे रोज लक्षात ठेवावे लागतात. आई विचारते, ते मोरपंखी अजून आहेत का गं? मी म्हणते हो. ती म्हणते, मागे तर तू बदामी म्हणाली होतीस. मग मी म्हणते, मोरपंखी आतल्या खोलीत. लगेच आतली खोली वाढली. अशी वाढत गेलीय वास्तू. आता तिथं पाहुण्यांची खोलीसुद्धा आहे, आणि नेमके पाहुणे येताहेत.

सुरुवात कुठं झाली म्हणता? ढगांपासून. हो, ढग. अहो, माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली बॉयलरचा पाइप निघतो. सकाळी आणि मग दुपारी चहाच्या सुमाराला बॉयलरवाला वाफ सोडतो, की भस्सकन सगळी वर, खिडकीतून आत. खोलीभर पांढरं. पलंग दिसत नाही, मी दिसत नाही. बाबा गेले त्यानंतरची गोष्ट. आई फोनवर बोलतच नसे, हं आणि बरं, एवढंच. मी इकडून काहीबाही विचारायची, तिकडून हं. एकदा असाच फोन चालू असताना वाफ आली, मी ठसकले, तर ती म्हणाली काय झालं गं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — काही नाही आई, ढग आलेत घरात. एवढ्या उंचावर आहे ना मी, येतात कधीकधी. मग म्हणाली, खरे ढग? म्हटलं खरे. म्हणाली, मग खिडकी लावून घे, भिजशील. आणि हसली हो. किती दिवसांनी हसली.

मग काय करणार? दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. आज आले का गं? म्हटलं आले. गल्लीभर सांगून आली — माझ्या लेकीकडे ढग येतात. शेजारणी एकेक प्रश्न पाठवायला लागल्या तिच्या हाती. कपडे दमट होत नाहीत का? ढगाला वास असतो का? म्हटलं असतो, साबणासारखा. ते मात्र मी खरं सांगितलं. एका शेजारणीनं विचारलं, ढग घरात असताना भाजीत मीठ नेहमीसारखं घालायचं की बेतानं? म्हटलं बेतानं, ओलावा असतोच. आता उंच मजला आला म्हणजे लिफ्ट आली, लिफ्ट आली म्हणजे मोठी इमारत, मोठ्या इमारतीत बाई लोखंडी खाटेवर झोपते का? मग पलंग आला, झोपाळा आला. मी काही ठरवून नाही केलं, एक ढग टिकवायचा तर त्याच्याखाली घर नको का? आणि अजून रोज फोन असतो, तब्येत नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न तोच — आज आले का गं? मी हो म्हटलं की तिचा दिवस सुरू होतो.

आता तिनं तो पाइप बघितला, तर उद्यापासून फोनवर ती विचारणार काय?

राग येण्याचं भय नाही मला. रागावणारी नाही ती. पुन्हा हं आणि बरं सुरू होईल, त्याचं भय आहे. डॉक्टरांचंही तसंच — एकीकडे वाटतं तिला स्वच्छ दिसावं, मुलगीच आहे मी तिची. दुसरीकडे वाटतं, माझं घर बघून झाल्यावर दिसलं असतं तर! आणि धाकटा? तो घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर डोळ्याला भिंग. त्याला मुंगीचा लंगडा पाय दिसतो. त्या खोलीत त्याला उभा केला तर खिळा न् खिळा मोजून बाहेर येईल.

म्हणून सांगते, ही खोली घेतली मी. पैशांचं काय ते बघू, तुम्ही वाजवी माणूस आहात. फक्त एक काम करा माझं. आई विचारेलच, कारण मी जे बोलून ठेवलंय ते ती विसरत नाही — विचारेल, कपाळावर अमुक नाव असलेली गाडी इथून मिळते का हो? तर तुम्ही म्हणायचं, बंद आहे. — का म्हणजे? दुरुस्ती. रूळ… रूळ धुवायला काढलेत म्हणा! नको, ते माझ्या बोलण्यात येतं, तुमच्या तोंडी शोभणार नाही. नुसतं म्हणा, दोन दिवस बंद आहे, आजी. म्हणून बघू एकदा? — असं नाही हो, तुम्ही तर बातम्या दिल्यासारखं म्हणताय. जरा वैतागून म्हणा, खोटं नेहमी थोडं वैतागून सांगायचं, खुशीत सांगितलं की माणसाला संशय येतो. — हां! आता जमलं. तुम्ही शिकलात तर खूप पुढे जाल. आणि मग म्हणायचं, निळी मात्र चालू आहे, बाग फार छान आहे, बाकं आहेत सावलीत. बाकं आहेत ना? असू देत. मी त्यांना उद्या स्टेशनावरच गाठते, थेट इकडे आणते, हॉस्पिटल, बाग, बाजार, परवा गाडीत बसवून दिलं की सुटले. मग महिनाभर झोपणार आहे मी. खोटं नाही सांगत, अंग इतकं जड झालंय, वाटतं एकदा त्या खोट्या फ्लॅटमध्येच जाऊन त्या मोरपंखी पडद्यांआड पडून राहावं.

द्या किल्ली. केवढा लाकडी ठोकळा लावलाय तिला! कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून? शहाणे आहात. किती वाजले? — अगंबाई, चहाची वेळ झाली की. तिकडे आता…

थांबा हं, फोन. मघाशी एका तळघरातल्या हॉटेलात होते, तिथं रेंजच नव्हती. धाकटाच आहे. — हं, बोल रे. निघायची तयारी झाली का? सगळं घेतलंस ना तिचं? चष्मा, ते थेंब — काय? — आज? अरे उद्या ना? — डॉक्टर उद्या नाहीत म्हणून आज संध्याकाळीच बोलावलं. मग मला कळवायचं नाही का — हो, लागला नसेल फोन. बरं, बरं, ठीक आहे, घाबरू नका, जिथं आहात तिथंच उभे राहा, स्टेशनाच्या बाहेर येऊ नका, मी ही निघालेच, एक फार छान हॉटेल बघून ठेवलंय, कुठं आहात तुम्ही? कुठल्या दरवाज्याशी? — नाव वाचलं? कपाळावरचं? — आणि बसून राहिलात. — शेवटपर्यंत.

आईनं सांगितलं.

आणि पुढे घर? — माझं नाव विचारलंत, लॉन्ड्री दाखवली कुणीतरी. जिना कसा चढली ती? अरे, लोखंडी आहे तो, उभा आहे, तिचे गुडघे… बसत बसत चढली. आणि दार? — हो, बॉयलरवाल्याकडे असते किल्ली. मग आत आहात तुम्ही. — धाकट्या. अरे, बोल काहीतरी. भिंग लावल्यासारखा गप्प नको बसूस, तुला जे दिसतंय ते — हं. दे तिला.

आई.

हो, मीच. — नाही गं, जरा बाहेर आले होते, कामाचं. — पाणी स्टुलावर आहे झाकलेलं, ते घे. कुठं बसलीस? — हं. — कुरकुरतो? कोण, झोपाळा? — हो. — हो, कड्यांना तेल घालायचं राहिलंय. — आई, ऐक ना, मी तुला सांगणार होते की… रंगाचं ते… — छान झालाय? — हं. — हो, मोरपंखी आतल्या खोलीत.

आई?

काय आलेत? — आत्ता? सगळे? — धाकटा दिसेनासा झाला म्हणतेस. हसतेस काय एवढी! — हो. — हो, साबणासारखाच येतो, सांगितलं होतं ना मी. — शेजारणींना सांग की. कर फोन सगळ्यांना, तिथूनच कर. — अगं, उंच आहे ना किती घर, गारवा असणारच. खाटेखा… कपाटाच्या खालच्या खणात माझी शाल आहे, ती घे पांघरून. आणि खिडकी लावू नकोस, नाहीतर येणार नाहीत. — आलेच मी. आलेच गं.

…

काही नाही हो. वाफ सोडली बॉयलरवाल्यानं.

मोतीबिंदू आहे, पण इतकंही कमी दिसत नाही तिला. सुईत दोरा ओवते अजून.

ही घ्या किल्ली. — नको म्हटलं ना खोली. काय बघताय असं? दुसऱ्या कुणाला द्या, चादर तेवढी बदला. आणि त्या झाडाला पाणी घाला, खरं आहे ते. — नका हो येऊ दाखवायला, पिवळ्याचा जिना सापडेल मला.